भोपळ्या गुरगुरत नाही

३ मार्च

धाकट्या,

कुत्रा माझ्याकडे आहे. शोधत बसू नकोस.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. सध्या ते संपलेत. आले की कळवीन.

काल दुपारी तुझी बायको जनावरांच्या दवाखान्यात बाकावर बसली होती, भोपळ्याला पायाशी घेऊन. तू नव्हतास. तुला काम होतं. बाबांच्या कुत्र्याला कायमचं झोपवायचं ठरवलंस तू, कागदावर सही केलीस तू आणि दोरी धरायला पाठवलंस तिला. मी आत गेले, तिच्या हातातून दोरी घेतली आणि चालायला लागले. तिच्यावर डाफरू नकोस. माझ्याशी ओढाताण करण्याएवढं बळ तिच्यात नाही, आणि माझ्या हातात किती आहे हे तुझ्या कानांना लहानपणापासून माहीत आहे. आता मला ती वेळ कशी कळली, असं विचारशील. विचार. सांगणार नाही.

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू जिंकतोस. तुझा आवाज म्हणजे तुझं दुकान. तू पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतोस, लोक ती ऐकत ऐकत झोपी जातात. तोच मधाळ आवाज लावून तू ‘ताई, जरा शांतपणे विचार कर’ म्हणालास की मलाही पेंग येते आणि मी हो म्हणून बसते. कागदावर तुझा आवाज पोचत नाही. इथे आपण बरोबरीचे.

भोपळ्याने तुझ्या ठकीच्या गालात दात रुतवले, तिला टाके पडले, हे मी विसरलेले नाही. मी तिची आत्या आहे. तिचा सुजलेला गाल बघितला तेव्हा मला आधी त्या कुत्र्याचाच राग आला होता. स्वतःच्या हाताने खड्डा खणला असता मी. मग काही दिवस गेले आणि तो राग जागा सोडून तुझ्याकडे सरकला. का, ते मलाही अजून नीट सांगता येत नाही.

एक विचारायचं होतं. भोपळ्या भुंकत का नाही? बाबा होते तेव्हा हा बेलवर भुंकायचा, झाडूवर भुंकायचा, आभाळात ढग आला तरी भुंकायचा. बाबा म्हणायचे, या घराला कुलूप लावणं म्हणजे भोपळ्याचा अपमान. आज सकाळी माझ्याकडे बेल वाजली, कुरियरवाला आला, दातांच्या डॉक्टरांकडून घासायला आलेलं कवळ्यांचं खोकं देऊन गेला. हा माझ्या कामाच्या बाकाखाली भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. कान हलले, बाकी काही नाही. मी दिवसभर कवळ्या घासते, त्या यंत्राची किरकिर ऐकून शेजारचं मांजरसुद्धा पळून जातं. हा हलला नाही.

घशाला काही झालंय का? औषध चालू असेल तर नाव कळव. एवढंच.

ताई


९ मार्च

धाकट्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, तो धोकादायक आहे. काहीही सूचना न देता चावला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, थेट चावला. असा कुत्रा कुणाच्याच घरात ठेवता येत नाही. परत दे, नाहीतर मला पालिकेत तक्रार करावी लागेल.’ प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. मेसेजसुद्धा तू रेकॉर्डिंगसारखा लिहितोस. औषधाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

अक्षर वाईट आलंय, वाचून घे. काम करताना हातावर गरम मेण सांडलं, म्हणून डाव्या हाताने लिहितेय.

मी त्याला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या आहेत आणि बोलायला फटकळ. मला आवडल्या. त्या आधी भोपळ्याजवळ गेल्याच नाहीत. जमिनीवर बसल्या, त्याच्याकडे पाठ करून, आणि माझ्याशीच बोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने तो येऊन त्यांचा खांदा हुंगून गेला. मग त्यांनी त्याच्या गळ्याखालचे केस बाजूला केले.

‘याच्या गळ्यात काय असायचं?’

‘पट्टा.’

‘कसला?’

‘कुत्र्याचा असतो तसला,’ मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

केसांखाली दोन वाटोळे डाग होते, शर्टाच्या बटणाएवढे. केस गेलेले, कातडी काळी आणि कडक. बाई म्हणाल्या, ‘हा भुंकणं बंद करायचा पट्टा होता. कुत्रा भुंकला की त्याचा गळा थरथरतो. गळा थरथरला की पट्टा चटका देतो.’

मला वाईट वाटलं, पण मी तुझी बाजू घेतली. हो, घेतली. मी म्हटलं, ‘माझा भाऊ घरातच रेकॉर्डिंग करतो. जरा आवाज झाला की सगळं पुन्हा वाचावं लागतं त्याला. भुंकणं थांबलं तर वाईट काय?’

‘ठीक आहे,’ बाई म्हणाल्या. ‘मग मला सांगा, गुरगुरताना काय थरथरतं?’

धाकट्या, मी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवून गुरगुरून बघितलं.

तू लिहितोस, काहीही सूचना न देता चावला. सूचना दिली की त्याला चटका बसत होता. तूच बसवत होतास. त्याने आधी भुंकणं सोडलं, मग गुरगुरणं सोडलं, आणि तू बघत राहिलास की वा, कुत्रा किती शहाणा झाला. तो शहाणा झाला नव्हता. त्याच्याकडे चावणं तेवढं उरलं होतं.

अजून आहे. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कमरेच्या वर एका ठिकाणी बोट टेकवलं आणि तो जांभई द्यायला लागला. मी म्हटलं, झोप आली वाटतं बिचाऱ्याला. बाई म्हणाल्या, ‘झोप नाही. दुखतंय. त्याला जे तोंडाने सांगता येत नाही ते असं सांगतोय.’ मग एक्स-रे काढला. पाठीच्या मणक्यांना हाड वाढलंय. जुनं दुखणं आहे. बसताना दुखतं, उठताना दुखतं, आणि कुणी वरून अंग टाकलं तर विचारायलाच नको.

ठकी त्याच्या अंगावर आडवी पडून मिठी मारायची, हे तू मला कौतुकाने सांगितलं होतंस. फोटोही पाठवला होतास. मी आज तो फोटो पुन्हा उघडून बघितला. त्यात भोपळ्याने तोंड फिरवलंय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय आणि जीभ नाकावर आहे. मी त्या वेळी खाली लिहिलं होतं, किती गोड. तू हसणारा चेहरा पाठवला होतास.

पट्टा तुझ्याकडे असेल तर फेकून दे. कुणाला देऊ नकोस.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

‘पट्टा सौम्य होता. मी स्वतःच्या मनगटावर लावून बघितला होता.’

वा. तू एकदा लावलास आणि काढलास. काढायचा कधी हे तुझ्या हातात होतं. त्याच्या गळ्यात तो सकाळी बसायचा आणि तू माईक बंद करीपर्यंत असायचा. मनगटावर म्हणे. मी लोकांच्या कवळ्या स्वतःच्या तळहातावर ठेवून बघते आणि सांगते, बसते हो छान, कुठेही टोचत नाही. चालेल?

आणि हे काय लिहिलंस, की मी तुझ्या पोटावर पाय देतेय? अरे, तुझं काम मला समजतं. आठवतं ना, मागच्या खेपेला मी तुमच्याकडे राहायला आले होते? तुझ्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला की घरातली माणसं पुतळे. तो दिवा असेपर्यंत संडासात पाणी ओढायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही. शिंक आली तर नाक दाबून धरायची. मी आणि तुझी बायको स्वयंपाकघरात एकमेकींशी खाणाखुणा करत होतो, मीठ हवं तर हाताने चिमूट दाखवायची. मला दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून चमचा पडला आणि ठकी पळत आली. तिने आधी चमच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, दिव्याकडे बघितलं. मग माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं आणि ओठावर बोट ठेवलं. पहिलीतली पोर.

तू बाहेर आलास तेव्हा ओरडला नाहीस. तू कधीच ओरडत नाहीस, हे तुझं मोठेपण तू सगळ्यांना सांगतोस. तू त्या मऊ आवाजात एवढंच म्हणालास, ‘तीन पानं गेली, ताई.’ आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी बोलला नाहीस. त्यापेक्षा एक थप्पड परवडली असती. बाबांचा आवाज चढायचा, पण चढायचा तसा उतरायचा. तुझा चढतच नाही, म्हणून उतरतही नाही.

तुझ्या मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘तू ठकीकडून शीक. एवढं झालं तरी रडली नाही. मी प्रकरण संपवून बाहेर आलो तर गालाला टॉवेल लावून शांत बसली होती. एवढी धीराची पोर आहे.’

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही. घशात काहीतरी अडकलंय आणि ते काय आहे, ते मला कळलेलं नाही.

तक्रार करायची तर कर. माझा पत्ता लिहून देऊ का?

ताई


२२ मार्च

धाकट्या,

केलीस म्हणजे. पालिकेचं पत्र आलं. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस येऊन कुत्र्याची परीक्षा घेणार आणि नापास झाला तर घेऊन जाणार. घेऊन जाणार म्हणजे काय, ते तुलाही कळतं आणि मलाही. त्या पत्रात ‘दोन व्यक्तींना चावा’ असं लिहिलंय.

बरं. हातावर मेण सांडलं नव्हतं. चावला तो मला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी आंघोळ घालायला त्याला कमरेतून उचलायला गेले तेव्हा. मणक्याचं तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मी वाकले तेव्हा त्याने जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली. जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं बिचाऱ्याने. मला त्याची भाषा येत नव्हती आणि ज्या एका शब्दाला मी थांबले असते, तो तू त्याच्या गळ्यातून काढून घेतला होतास. मी हे लपवलं, कारण दुसरा चावा कागदावर आला की कुत्रा वाचत नाही. आता ते कागदावर आलंय. तुला बरं वाटलं असेल.

हे तुला फक्त तुझ्या बायकोकडून कळू शकतं. म्हणजे तू तिचा फोन तपासलास, किंवा तिच्यासमोर गप्प बसून राहिलास, तिने आपण होऊन सांगेपर्यंत. दुसरंच असणार. आता लपवण्यासारखं उरलंच नाही, तर हेही ऐक. त्या दिवशी दवाखान्यातून मला फोन तिनेच केला होता. बोलली नाही. नुसती रडत होती आणि मागे नर्स भोपळ्याचं नाव पुकारत होती. तुझ्या घरात राहून तिला न बोलता सांगायची सवय झालीय. मी रिक्षा केली आणि पोचले. आणि शनिवारी ती ठकीला घेऊन पट्टी बदलायला जाते असं तुला सांगते ना, ती पट्टी बदलून झाली की दोघी माझ्याकडे येतात. ठकी दाराच्या जाळीबाहेर बसते, भोपळ्या आत. तो तिच्याकडे बघून शेपूट हलवतो. ती हात पुढे करत नाही. दोघंही फार जपून वागतात, बघवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलंय. पालिकेच्या माणसासमोर हा असाच मुका राहिला तर ते त्याला सोडणार नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. न सांगता चावणाऱ्या कुत्र्याजवळ कुणाला उभं करणार? त्याला वाचवायचं तर त्याला पुन्हा गुरगुरता आलं पाहिजे.

लोक कुत्र्याला ‘हात दे’ शिकवतात. मी माझ्या कुत्र्याला गुरगुरायला शिकवतेय. शिकवणं म्हणजे काय, तर गप्प बसून बघणं. मी हात पुढे करते. त्याने ओठ चाटले की हात मागे. मान फिरवली की हात मागे. जांभई दिली की मी उठून लांब जाते. ऐकलं, बाबा, ऐकलं तुझं. बाई म्हणतात, हळू बोललेलं ऐकलं जातंय एवढा विश्वास बसला की तो मोठ्याने बोलायला लागेल. दुखण्याचं औषधही चालू आहे. आता तो भिंतीकडे तोंड करून बसत नाही. काल बाकाखालून बाहेर आला आणि माझ्या फळीवर दात विचकून बसलेल्या कवळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, बघ रे, या बघून शीक. हसू आलं मला. त्याच्याकडून मात्र अजून हूं की चूं नाही, आणि दिवस थोडे आहेत.

तक्रार मागे घ्यायची असेल तर अजून घेता येते. विनंती करत नाहीये. माहिती देतेय.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

तुझा माणूस येऊन गेला.

रागीट चेहऱ्याचा, पोट सुटलेला, बुटांना माती. घरात शिरताच म्हणाला, ‘चावणारा तो हाच का?’ मी म्हटलं, हाच. डॉक्टरीणबाईंना मी बोलावून घेतलं होतं, त्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्याच्या पिशवीत एक लांब काठी होती आणि काठीच्या टोकाला रबराचा हात. अगदी माणसाचा, नखांसकट. त्याने सांगितलं की या हाताने तो कुत्र्याच्या अंगाला शिवून बघतो, म्हणजे चावला तर रबराला चावेल. सकाळपासून भोपळ्याने एकदाही आवाज काढला नव्हता.

रबरी हात डोक्यावरून गेला. काही नाही. मानेवरून गेला, तिथल्या डागांवरून. भोपळ्याने ओठ चाटले. हात पाठीकडे निघाला. त्याने मान फिरवली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला. हात पुढे येतच होता. मी जीभ चावून उभी होते. बाईंनी मला बजावलं होतं, मध्ये बोलायचं नाही.

आणि तेव्हा कुठूनतरी घरघर यायला लागली. मला आधी वाटलं, घासायचं यंत्र चालू राहिलं. मग वाटलं बाहेर कुणाची गाडी असेल. बाई माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होत्या तेव्हा कळलं, तो आवाज भोपळ्याच्या गळ्यातून येतोय. गंजलेला, तुटक, मध्येच थांबणारा. त्यालाही आपलाच आवाज ओळखू आला नसावा, कारण तो थांबला आणि अंग चोरून चटक्याची वाट बघत राहिला. चटका आला नाही. तेव्हा त्याने पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी चांगला खणखणीत गुरगुरला.

त्या माणसाने काठी मागे घेतली. भोपळ्या लगेच गप्प. त्याने पुन्हा काठी पुढे नेली, पुन्हा गुरगुर. मागे घेतली, गप्प. मग तो बुटक्या पेन्सिलीने लिहू लागला आणि लिहिता लिहिता म्हणाला, ‘हा तर व्यवस्थित सांगतोय की. न सांगता चावतो असं कुणी लिहून दिलं?’

मी म्हटलं, ‘माझ्या भावाने. आवाजाचं काम करतो तो.’

मग मी रडले. पालिकेच्या माणसासमोर, हुंदके देऊन. त्याने रबरी हात पिशवीत भरला आणि माझ्याकडे न बघता पाणी मागितलं, भला माणूस होता. कुत्रा माझ्याकडे राहणार. रस्त्यावर तोंडाला जाळी, घरात मधल्या दाराला फाटक, मुलांबरोबर एकटं सोडायचं नाही. सगळं कबूल केलं. खाली एक ओळ त्याने स्वतःहून लिहिली, की या कुत्र्याला तक्रारदाराच्या घरी परत पाठवू नये.

तू वाचशीलच. तुलाही प्रत येणार आहे. मोठ्याने वाच.

ताई


४ एप्रिल

धाकट्या,

त्या दोघी माझ्याकडे आहेत. शोधत बसू नकोस.

तुझे फोन वाजतायत, मला ऐकू येतात. तिने फोन उशीखाली ठेवलाय. मी तिला काहीही शिकवलेलं नाही. काय झालं ते लिहिते, तू बसून वाच.

शनिवारी त्या आल्या. ठकी फाटकाबाहेर बसली होती. मी भोपळ्याच्या पाठीला तेल लावायला गेले आणि तो गुरगुरला. मी हात काढला, म्हटलं बरं बाबा, नंतर. ठकी दचकली. तिने आधी वर बघितलं, माझ्या दारांच्या चौकटींवर, एकामागून एक. दिवा शोधत होती. मग कुजबुजली, ‘आत्या, तो आवाज करतोय.’

‘करू दे की.’

‘तू रागावली नाहीस?’

‘तो सांगतोय, इथे दुखतं, हात नको लावू. मी ऐकलं. रागवायचं कशाला?’

ती फाटकाच्या गजाला नख घासत राहिली. मग म्हणाली, ‘त्या दिवशी त्याने मला नाही सांगितलं. दिवा लागला होता ना. म्हणून तो पण गप्प होता आणि मी पण.’

तिची आई माझ्या मागे उभी होती. तिच्या हातातली बशी पडली. त्या आवाजाने कुणीही दाराकडे बघितलं नाही, या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

आता माझ्या घशात अडकलं होतं ते सांगते. तुझी पोर धीराची नाही. सहा-सात वर्षांच्या पोरीच्या गालात कुत्र्याचे दात रुतले, रक्त मानेवरून फ्रॉकमध्ये उतरलं, आणि तिने किंचाळायच्या आधी दिव्याकडे बघितलं. लाल होता. आई बाजारात गेलेली. मग ती न्हाणीघरात जाऊन टॉवेल घेऊन आली, नळ सोडला नाही, कारण नळाचा आवाज येतो. आणि तुझ्या दारासमोर बसून राहिली. तू आत एका गोष्टीतलं प्रकरण वाचत होतास. ते तू संपवलंस. बाहेर येऊन तिला शहाणी म्हणालास. ती बघत होती की तुला आनंद झाला. हे तिनेच सांगितलं मला, की बाबा म्हणाले, शहाणी.

तू दोघांना एकाच पट्ट्याने शहाणं केलंस, धाकट्या. एकाचा गळ्यात होता म्हणून मला सापडला.

मला तुझा राग येतो, एवढा की हे लिहिताना कागद फाटलाय, बघ खालचा कोपरा. तू वाईट माणूस असतास तर बरं झालं असतं. मी एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू वाईट नाहीस. तुला नुसती शांतता हवी होती, आणि ती कुणाकडून काढून घेतोयस हे तू कधी बघितलं नाहीस.

आज सकाळी ठकीच्या गालावरची शेवटची पट्टी काढायची होती. ती चिकटली होती. ठकी डोळे मिटून, मुठी आवळून बसली, नेहमीसारखी, आवाज नाही. मी हात मागे घेतला. म्हटलं, ‘दुखलं की सांग. भोपळ्यासारखं सांग.’ तिने आईकडे बघितलं, फाटकापलीकडे भोपळ्याकडे बघितलं. मी पट्टीचं टोक धरून ओढलं.

ऐकायला यायला हवं होतंस. वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली, तिला वाटलं कुणी कुणाला मारतंय. भोपळ्या भुंकायला लागला, इतक्या महिन्यांनी, घसा खरवडून. फळीवरच्या कवळ्या थरथरल्या. ठकी थांबायला तयार नव्हती. गाल दुखायचा कधीच थांबला होता, तरी ओरडत होती. ते सगळं त्या दिवसाचं होतं. तिची आई तिला पोटाशी धरून म्हणत होती, ओरड, ओरड गं माझे बाई. तुझ्या कुठल्याही रेकॉर्डिंगला चालला नसता असा आवाज होता.

मग ती दमली आणि भूक लागली म्हणाली.

तू येणार, हे मला माहीत आहे. ये. तुझी बायको तुझ्याशी बोलेल की नाही, तिचं ती ठरवेल. माझ्याकडे आशीर्वाद अजून आलेले नाहीत. माझ्या दारावर दिवा नाही, बेल आहे, ती वाजव. तो मऊ आवाज घरी ठेवून ये. आत आलास की उंबऱ्याशी थांब, हात खाली ठेव. भोपळ्या गुरगुरला तर पुढे पाऊल टाकू नकोस.

आणि ठकी ‘नको’ म्हणाली, तर तेव्हाही.

ताई